नाव, गाव, सर्व्हर

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर मी राहत होतो तो सर्व्हर बंद होणार अशी नोटीस आली, तेव्हा सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती. चालवणारी बाई युरोपातली, स्वतः ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी लिहिलेलं लिंग आपलं नाही असं जाणणारी. तिने लिहिलं होतं: नोकरी, तब्येत आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या तक्रारी निस्तरणं, हे सगळं एकटीला आता झेपत नाही, तीन महिने चालू ठेवते, तेवढ्यात आपापलं बिऱ्हाड हलवा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत ज्याला सर्व्हर लावायचा असतो त्याने बंद करण्याआधी किमान तीन महिने लोकांना कळवायचं, असं ठरलेलंच आहे. पण प्रत्येकाच्या प्रश्नाला शेवटच्या आठवड्यापर्यंत उत्तर द्यायचं, हे कुठल्याच करारात नव्हतं. ते तिने केलं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅस्टोडॉन 2016 साली जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने सुरू केलं. दिसायला ट्विटरसारखं, पण त्याला एक मालक नाही. ज्याला जमेल त्याने आपला सर्व्हर उभारायचा, आपले नियम लावायचे. जीमेलवाल्याची मेल याहूवाल्याला पोचते, तसं इथे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलतो. हे बोलणं ज्या ठरावीक पद्धतीने चालतं तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2018 च्या जानेवारीत तिला मान्यता दिली. ती लिहिणाऱ्यांत क्रिस्टीन लेमर-वेबर आहेत. त्या स्वतः ट्रान्स आहेत, आणि ती लिहिणारे बहुतेकजण क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशांपैकी, होते हे त्यांनी उघडपणे सांगितलेलं आहे. मॅस्टोडॉनवरही अगदी सुरुवातीच्या काळात अशीच माणसं मोठ्या संख्येने आली. तिथे फोन नंबर मागत नाहीत. खातं बंद दाराआड ठेवता येतं, एखादी पोस्ट फक्त आपल्या माणसांना दाखवता येते, जड मजकूर आधी इशारा देऊन झाकता येतो. ज्यांना आयुष्यभर कुणी ना कुणी हुडकत आलंय, त्यांना या सोयींची किंमत सांगावी लागत नाही.

तर बिऱ्हाड हलवणं असं असतं. नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं आणि जुन्या खात्याला सांगायचं की मी आता तिकडे. तुम्हाला फॉलो करणारी माणसं आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी फाइलमध्ये उचलून नेता येते. येत नाही ते तुमचं लिहिलेलं. सगळ्या पोस्ट जुन्या जागी राहतात आणि सर्व्हर गेला की त्याच्यासोबत जातात. फार तर आपल्यापुरती एक प्रत उतरवून ठेवता येते. म्हणजे माणसं सोबत येतात आणि मजकूर मागे राहतो.

हे वाचल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. कारण उरलेल्या सगळ्या आयुष्यात माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं आहे. दारव्हा तालुक्यातल्या गावातून यवतमाळला शिकायला गेलो, तिथून अमरावतीला. दरवेळी माणसं मागे राहिली आणि मजकूर सोबत आला. टीसी, दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. मी जिथे जाईन तिथे एका मुलीचं नाव माझ्या आधी पोचलेलं असायचं. हॉस्टेलच्या यादीत, परीक्षेच्या हॉल तिकिटावर, हजेरीत. नवी माणसं जोडायची म्हटलं की आधी त्या नावाचा हिशेब द्यावा लागायचा, आणि हिशेब देता देताच माणसं पांगायची.

आता मी गावातच असतो. घराच्या ओसरीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलंय. पीकविमा, पीएम किसान, ई-पीक पाहणी, शिष्यवृत्ती. या कामातला अर्धा दिवस नावं जुळवण्यात जातो. आधारवर ‘गुलाबराव’, सातबाऱ्यावर नुसतं ‘गुलाब’, पासबुकात इंग्रजीच्या घोळाने भलतंच काही. एवढ्यावर पैसे अडकतात. मग प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे चक्कर, बँकेत अर्ज. पण गुलाबरावाला कुणी असं विचारत नाही की बाबा, तू खरंच गुलाबराव आहेस का. कागद चुकला आहे आणि माणूस बरोबर आहे, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. माझ्या बाबतीत कागद बरोबर आणि माणूस चुकला, इथूनच बोलणं सुरू व्हायचं.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला ट्रान्स माणसांच्या हक्कांच्या नालसा खटल्यात निकाल दिला की आपण कोण हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. मी तेव्हा शाळेत होतो. मला तो निकाल कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळला तो गावात नाही, वर्तमानपत्रातही नाही. मॅस्टोडॉनवर कुणीतरी निकालातले परिच्छेद उतरवून समजावून दिले होते तिथे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा आला, 2020 चे नियम आले, अर्ज करायला राष्ट्रीय पोर्टल आलं. मी अर्ज केला तेव्हा प्रतिज्ञापत्र लागलं, वैद्यकीय तपासणी लागली नाही. प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं मिळालं, पण त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ असं आलं. ‘पुरुष’ असं हवं असेल तर त्या कायद्यात शस्त्रक्रियेनंतरचा वेगळा अर्ज होता. नाव मात्र राजपत्रात बदलून घेतलं. छापून आलेलं पान मी लॅमिनेट केलं आहे. त्या धावपळीत एका कार्यालयातल्या टेबलामागच्या माणसाने फाइल उलटीपालटी केली, कागदात काही कमी सापडलं नाही, आणि मग त्याने सरळ माझ्या छातीकडे पाहिलं.

छातीबद्दल लिहितो, कारण मराठीत हे कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि कुण्या पोराला उपयोगी पडेल.

कॉलेजात असल्यापासून मी मेडिकलमधून आणलेली क्रेप बँडेजची पट्टी छातीला करकचून बांधायचो. मुरगळलेल्या पायाला बांधतात तीच. ती बांधून सोंगणीला गेलो की अकरा वाजेपर्यंत श्वास अर्धाच आत जायचा. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन म्हणजे दुसरा उन्हाळाच. एकदा वाकून पेंढी उचलताना बरगडीत अशी कळ आली की मी बांधावर बसून राहिलो. आईला वाटलं चक्कर आली, तिने कांदा फोडून नाकाशी धरला. रात्री मी सर्व्हरवर लिहिलं: उन्हात दिवसभर शेतात काम करायचं आहे, पट्टी कशी बांधावी? पहिलं उत्तर आलं ते कुठल्यातरी नर्सचं. पट्टी आत्ता सोड, मग पुढचं वाच. क्रेप बँडेज श्वासागणिक आवळत जातं, बरगड्यांना आणि फुप्फुसांना इजा करतं. बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून शिवलेलं घट्ट बनियन, मिळाला तरी आठ तासांच्या वर घालायचा नाही, घालून झोपायचं नाही, अंगमेहनतीच्या कामात तर नाहीच. सुती स्पोर्ट्स ब्रा, वरून सैल गडद शर्ट, खिसे असलेला. आणखी कुणी लिहिलं की खोकला काढत जा, पाठीचा ताण मोकळा कर. मी अंधारात पट्टी सोडली. ओळखपाळख नसलेल्या माणसांनी माझी बरगडी वाचवली, हे मी कधी विसरणार नाही.

त्यांना माझं शेत मात्र कळत नव्हतं, ते मी सांगत गेलो. आमच्याकडे निंदण आणि कापूस वेचणं बायांचं. डवरणी, फवारणी माणसांची. बायांची मजुरी कमी. मी निंदणाच्या ओळीत बसलो की दिवसभर बायांत बाई म्हणून मोजला जायचो, आणि संध्याकाळी हातावर पैसेही त्याच हिशेबाने पडायचे. पाठीवर पंप घेऊन फवारणीला जायची मला फार हौस होती, तेवढ्याने मी माणसांत धरला जाईन असं वाटायचं. ते 2017 साल होतं. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आई आडवी आली. “पंप घेऊन मरतं का? घरात बस.” त्या वर्षी तिचा धाक खरा होता. हे सगळं मी लिहिलं तेव्हा एका दूरच्या देशातल्या उसाच्या पट्ट्यातल्या पोराने लिहिलं की त्याच्याकडेही तोडणी माणसांची आणि वेचणी बायांची, आणि तोही वेचणीतच अडकला होता. दारव्ह्यापासून इतक्या लांब माझं गाऱ्हाणं ओळखणारा माणूस निघाला.

मॅस्टोडॉनवर मी 2019 च्या नोव्हेंबरात गेलो. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, नाझी सलाम न करणाऱ्या एका माणसाचा जुना फोटो लावल्यावरून. त्या रागात भारतातली बरीच मंडळी मॅस्टोडॉनवर गेली. पुष्कळजण थोड्याच दिवसांत परतले. मी राहिलो, कारण मी वेगळ्याच गोष्टीपासून पळत होतो. एका मोठ्या ॲपवर मी दुसऱ्या नावाने खातं काढलं होतं. ॲपने फोनमधले नंबर पाहिले आणि ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून ते खातं माझ्या मामेभावापुढे ठेवलं. पुढच्या रविवारी मामा घरी आले. त्या दुपारी काय झालं ते इथे लिहीत नाही. पण माणसं जोडून देणं हे नेहमीच भलं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या बाजूने पाहावं.

आपल्याकडे ट्रान्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ज्या येतात त्या बाया. त्यांनी मिळवलेलं मोठं आहे. नागपुरात 2018 साली विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. जळगाव जिल्ह्यात भादलीच्या अंजली पाटील यांचा अर्ज छाननीत बाद झाला होता. त्यांनी औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली, महिला म्हणून उभ्या राहिल्या आणि 2021 च्या जानेवारीत ग्रामपंचायतीत निवडून आल्या. खडी गंमतीत, दंडारीत लुगडं नेसून नाचणारा पुरुष आमच्या आजोबांच्या पिढीनेही पाहिला आहे. आणि घरातून निघालेल्या पोरीला, मार खाऊन का होईना, जायला तृतीयपंथीयांचा डेरा असतो. गुरू असतो, गुरुबहिणी असतात, आजारपणात उशाशी बसायला कुणी असतं. त्या व्यवस्थेत जाच आहे हे त्याच सांगतात. एका गुरूकडून दुसऱ्याकडे जायचं तर दंड भरावा लागतो. पण घराणी वेगळी, नियम वेगळे, तरी एकमेकांना मानणारी, आणि कुणी फारच वाकडं वागलं तर त्याच्याशी व्यवहार तोडणारी. केंद्रात कुणी मालक नसताना माणसं कशी धरून ठेवायची, हे त्यांना आपल्या सगळ्यांच्या कितीतरी आधी जमलेलं आहे. मी सर्व्हरांचा कारभार समजून घेतला तो याच अंगाने.

आमच्यासारख्या पोरांना डेरा नाही. मुलगी म्हणून जन्मलेल्याला घर सोडूच देत नाहीत, लग्न लावून देतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात 40,891 माणसं मोजली गेली. आमच्या घरी माहिती आजोबांनी दिली होती. त्या आकड्यात मी नाही, आणि माझ्यासारखे किती नसतील याचा विचार केला की पोटात तुटतं.

म्हणून सर्व्हर हा माझा डेरा झाला, असं म्हणायला मन धजतं; पण त्यातलं उणं सांगितल्याशिवाय ते म्हणू नये. तिथे मराठी जवळपास नाही. गोऱ्या देशांतली दुःखं ही सगळ्या जगाची दुःखं धरून चालतात. वंशभेदाबद्दल लिहिणाऱ्या काळ्या माणसांनाच ‘आधी इशारा लावा, आम्हाला त्रास होतो’ असं सांगितलं गेलं, आणि त्यातले कित्येकजण निघून गेले. मी जातीबद्दल लिहिलं तेव्हा शांतता पसरली. खासगी निरोप तिथे शेवटपर्यंत कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला ते पाहता येतात. हे नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. ज्या गोष्टीने जीव धोक्यात येईल ती तिथे लिहू नका, त्यासाठी सिग्नल हे ॲप वापरा.

आणि दार उघडं असतं ते सगळ्यांनाच. 2019 च्या जुलैत गॅब नावाच्या, द्वेषासाठी बदनाम असलेल्या अमेरिकी जाळ्याने मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर उचललं. ते फुकट आणि खुलं आहे, कुणी अडवू शकत नव्हतं. पण एकामागून एक सर्व्हरांनी त्यांच्याशी संबंध तोडले. कुणाची परवानगी लागली नाही, कुठल्या कंपनीपुढे हात जोडावे लागले नाहीत. याउलट ट्विटरने 2023 च्या एप्रिलात नियमांतलं ते वाक्य गुपचूप काढून टाकलं, ज्यात ट्रान्स माणसाला मुद्दाम जुन्या नावाने किंवा चुकीच्या लिंगाने संबोधण्याला मनाई होती. मेटाने 2025 च्या जानेवारीत नियम बदलून समलिंगी आणि ट्रान्स माणसांना मनोरुग्ण म्हणायला मोकळीक दिली. तिथल्या कोट्यवधी लोकांना कुणी विचारलं नाही, आणि सोडून जावं तर सगळी माणसं तिथेच राहतात. जाण्याची वाट असणं आणि जाताना माणसं सोबत नेता येणं, या दोन गोष्टी मिळाल्या की माझ्यासारखा माणूस कुठेही ताठ राहू शकतो. गावात मला यातली एकच गोष्ट मिळायची. गेलो की एकटा.

तरी गावाबद्दल कडू होऊन लिहिणं मला जमणार नाही. गावाला सगळं ठाऊक आहे. समोर कुणी बोलत नाही, पाठीमागे ‘त्या पोट्टीच्या दुकानातून फॉर्म भरून आन’ म्हणतात, आणि विम्याचे पैसे खात्यात पडले की पेढा घेऊन येतात. बाबा माझं नवं नाव घेत नाहीत, जुनंही घेत नाहीत. आई पूर्वी विचारायची, “दिवसभर फोनात काय पाहून रायली?” एका संध्याकाळी मी तिला चुलीशी बसून पोस्ट वाचून दाखवल्या, मराठीत करून. एका बाईचं ऑपरेशन होतं, ती घाबरली होती, लोक तिला धीर देत होते. आईने भाकर उलटली आणि ऐकत राहिली. पुढे कितीतरी दिवस ती मधूनच विचारायची, “बरी झाली का थे?” ती बाई बरी झाली हे सांगायला मला खूप बरं वाटलं.

सर्व्हर बदलला तेव्हा आमच्यातली बरीच माणसं वेगवेगळीकडे गेली, तरी एकमेकांना दिसत राहिली. माझं लिहिलेलं मागे राहिलं. त्याची प्रत लॅपटॉपमध्ये आहे. त्यात सुरुवातीची वर्षं आहेत, जेव्हा मी स्वतःला काय म्हणावं हेच चाचपत होतो. ते सोबत आलं नाही याची हळहळ वाटली, आणि हलकंही वाटलं. नव्या जागी पहिल्या दिवसापासून मी मीच होतो.

आता आम्ही काहीजण, अकोला-बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे, मराठीतला एक छोटा सर्व्हर काढायचं म्हणतोय. खर्च वर्गणीतून निघेल. जड काम वेगळं आहे. जगभरच्या सर्व्हरांवरून येणारे फोटो साठवायला जागा लागते, तक्रारी वाचायला रात्री जागावं लागतं. त्या युरोपातल्या बाईचं काय झालं ते मी पाहिलंय. त्यात 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे भारतात असं ठिकाण चालवणाऱ्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. तक्रारीची पोच 24 तासांत, निकाल ठरल्या मुदतीत. जे लोक लपून जगतात त्यांच्या जागेच्या दारावर कुणा एकाने आपलं नाव लिहायचं. चर्चा झाली. बाकीच्यांच्या घरी अजून सांगितलेलं नाही. माझं नाव राजपत्रात छापून आलेलं आहे, तेव्हा ते मी लावणार.

संपर्क म्हणून दुकानाचा फोन द्यावा लागेल, आणि मी वावरात असलो की तो फोन आई उचलते. म्हणून आधी तिला सांगायला बसलो. कोण फोन करेल, काय काय बोलेल, शिव्या आल्या तर ठेवून द्यायचा, कुणी रडत असेल तर ठेवायचा नाही आणि मला हाक मारायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“किती लोकाईचे फोन येतीन?”

सुरुवातीला थोडेच असतील, म्हटलं.

“मंग उचलीन मी,” म्हणाली.